चाबूक माळ्यावरच राहू दे

मी तंजावूरमधून बोलतोय. मेल राजवीथीच्या मागच्या गल्लीत माझ्या आत्याचं घर आहे, त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून. आवाज स्वच्छ यावा म्हणून पंखा बंद केलाय, तेव्हा मी मधेमधे घाम पुसला तर समजून घ्या. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठून कुठून तुम्ही हे बघता हे मला प्रतिक्रियांवरून कळतं. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: दोन पुरुषांची प्रेमकथा, ती बीडीएसएमच्या जगातली, ती मराठीत, आणि त्यातून तंजावुरात? इतकं सगळं एकदम कशाला?

उत्तर देण्यासाठी मला या कादंबरीतून फाडून टाकलेल्या सतरा पानांबद्दल बोलावं लागेल. पण तिथे लगेच जाता येणार नाही. आधी थोडी पूर्वतयारी.

बीडीएसएम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. प्रौढ माणसं आपसांत ठरवून, एकमेकांच्या संमतीने, शरीरसुखात किंवा नात्यात बांधणं, हुकूम देणं-पाळणं, वेदना देणं-घेणं असे खेळ खेळतात, ते हे जग. ठरवून आणि संमतीने हे दोन शब्द काढले की जे उरतं त्याला मारहाण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या नव्या यादीत संमतीच्या अशा वागण्याला आजार म्हणून जागा ठेवलेली नाही. समलैंगिकता त्या यादीतून १९९० साली निघाली होती. म्हणजे माझ्या नायकांचं अर्धं दुखणं एका वर्षी बरं झालं आणि उरलेलं एकोणतीस वर्षांनी!

मी स्वतः गे आहे. त्या दुसऱ्या जगातला मात्र मी नाही, आणि हे सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. मला वाटलं होतं, आपण एका बाजूने टिंगल सोसलेली आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूची माणसं आपल्याला आपोआप कळतील. तसं होत नाही. मोठ्या शहरांतून या लोकांच्या भेटी होतात, त्यांना ते 'मंच' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, खाता खाता गप्पा या अर्थाचा. मी मराठी माणूस, मला वाटलं व्यासपीठ असेल, भाषणं असतील. प्रत्यक्षात एका उपाहारगृहात दहा-बारा माणसं साध्या कपड्यांत डोसा खात बसलेली. एक बाई बँकेतल्या, एक गृहस्थ गणिताचे शिक्षक. मी लेखक आहे हे आधीच सांगितलं होतं, तेव्हा पहिलीच अट आली: इथे वही काढायची नाही. मी काढली नाही. तिथे जे ऐकलं त्यातलं कुणाचंही आयुष्य कादंबरीत नाही. त्या भेटींतून मी घेतली ती बोलण्याची एक पद्धत. ती माणसं एकमेकांना फार सरळ प्रश्न विचारतात. काय आवडतं, काय चालेल, काय मुळीच नको, जुनी दुखापत आहे का, दमा आहे का, घरी उशीर झाला तर चालेल का. लग्नाच्या बैठकीत एवढं कुणी विचारत नाही.

माझा पहिला खर्डा मात्र मी त्या भेटींच्या आधी लिहिला होता. नायक दोन. माधव, वय अडतीस, तंजावूरच्या जुन्या मराठी घरातला. अरसू, वय चौतीस, तमिळ, इथूनच तासाभरावरच्या खेड्यातला, आता शहरात यंत्र-दुरुस्तीचं दुकान चालवणारा. अरसूला शरण जायला आवडतं. मी त्याला लगेच एक वाईट बालपण दिलं. दारुडा बाप, शाळेतला मार, सगळं. का? कारण मराठी वाचक विचारणार, हा असा का? उत्तर तयार पाहिजे!

हे एका मित्राला दाखवलं. तो त्या समुदायातला आहे, या डेल्टातलाच आहे, त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याला मराठी येत नाही. मी एकेक प्रकरण त्याला माझ्या घरगुती तमिळमध्ये सांगायचो, आणि या कामाचं मी त्याला मानधन दिलं. आपल्याकडे 'जरा वाचून सांग ना' म्हणून फुकट राबवून घेण्याची पद्धत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. तो म्हणाला, "माधव बायकांवर प्रेम का करत नाही, याचं कारण तू दिलंयस?" मी म्हटलं, नाही, ते कशाला द्यायचं, तो तसाच आहे. "मग अरसूला कारण कशाला?"

बालपणाची चाळीस पानं गेली. ही ती सतरा नव्हेत, ती पुढे आहेत.

समलिंगी पात्रांच्या बाबतीत मराठीनं ही वाट थोडी चाललेली आहे. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा शेवटी जीव देते. ते नाटक १९८१ चं, त्या काळात त्यांनी ते लिहिलं हीच मोठी गोष्ट. नंतर बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर' आलं, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आली. मला शेवट गोड असलेली, रेल्वेत वाचण्यासारखी प्रेमकथा लिहायची होती, कारण ती मी विशीत शोधली होती आणि मिळाली नव्हती.

आता भाषेची गोष्ट. प्रेमप्रसंग लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर 'नको' या शब्दापाशी अडलो. आपल्या सिनेमात, लावणीत, कथांत 'नको'चा अर्थ 'हो' असतो हे आपण इतकं ऐकलंय की कान बधिर झालेत. हे आजचंही नाही. वात्स्यायन, सुमारे तिसऱ्या शतकातला, कामसूत्रात प्रहार आणि सीत्कार यांवर एक आख्खा भाग लिहितो. प्रहार कुठे, कसा, त्यावर आवाज कोणते. त्या आवाजांच्या यादीत तो 'थांब', 'सोड', 'पुरे' अशा अर्थांचे शब्दही घालतो. म्हणजे हे शब्द सुखाचेच उद्गार. मग खरंच थांबायचं असेल तर त्या बाईनं काय म्हणायचं? याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

गंमत पुढे आहे. त्याच भागात तो म्हणतो की वेगात सुटलेल्या घोड्याला वाटेतला खड्डा दिसत नाही, तसंच प्रेमाच्या भरात माणसाला इजा दिसत नाही, म्हणून समोरच्याची नाजुकता आणि आपलं बळ ओळखून वागावं. आणि दाखले देतो ते तिन्ही दक्षिणेतले. चोळ राजानं चित्रसेना नावाच्या गणिकेला अशा खेळात मारून टाकलं. कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनानं राणी मलयवतीला मारलं. तिसरा एक नरदेव, त्याच्या हातून एका नटीचा डोळा गेला. एक राजा तमिळ आणि एक आपला! तंजावूर चोळांची राजधानी व्हायच्या कित्येक शतकं आधी या दोन प्रदेशांची नावं एका ग्रंथात शेजारी आली, ती या कारणासाठी. तंजावूर का, असं विचारता ना? हे अर्धं उत्तर.

वात्स्यायनाला न सुचलेली गोष्ट या समुदायानं केली, ती म्हणजे सेफवर्ड. आधी ठरवलेला एक शब्द, ज्याचा चाललेल्या खेळाशी काही संबंध नाही. तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथे थांबतं. कारण विचारायचं नाही, रुसायचं नाही. सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असेही शब्द वापरतात. मी आधी माझ्या नायकांना 'बाहुली' हा शब्द दिला होता. तंजावूरची ती प्रसिद्ध बाहुली, कितीही पाडली तरी उभी राहणारी. मित्र इतका हसला! म्हणाला, "त्या क्षणी प्रतीक कुणाला सुचतं?" आता माझ्या कादंबरीत तो शब्द 'पोस्टकार्ड' आहे. आणि तोंडच बंद असेल तर? तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. तो खाली पडला की थांबायचं. दोर असेल तर तो कापायची कात्री हाताशी हवी, बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, गळा आवळण्याला सुरक्षित असा प्रकारच नाही. अशा साध्या गोष्टी मला माहीत नव्हत्या आणि मी प्रेमप्रसंग रंगवत होतो. 'फिफ्टी शेड्स'वर या समुदायातल्या लोकांनी जी टीका केली तीही हीच: नायक बाईच्या मर्यादा ओलांडत राहतो आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं.

उरलेलं अर्धं उत्तर या घरात आहे. माझी आत्या एकादशीला अष्टपदी म्हणते. जयदेव बंगाल-ओरिसाकडचा, पण त्याचं गीतगोविंद या कावेरीकाठच्या भजन-संप्रदायात इतकं मुरलंय की त्याच्याशिवाय इथलं भजन पुरं होत नाही. त्यात एकोणिसावी अष्टपदी आहे. रुसलेल्या राधेला कृष्ण काय म्हणतो? खरंच रागावली असशील तर मला नखांनी घायाळ कर, बाहूंनी बांध, दातांनी चाव, तुला ज्यात सुख वाटेल ते कर. नंतर तिचा पाय स्वतःच्या मस्तकावर मागतो. सोवळ्यातल्या बायका टाळ धरून हे म्हणतात, मी लहानपणी सुट्टीत येऊन ऐकलंय, आणि कुणाला काही वावगं वाटलेलं मी पाहिलं नाही. आणि नीट बघा, इथे शिक्षा घेणारा मागतो आहे, निवड देणारीची आहे.

याच शहरात, प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळनी नावाची कवयित्री-गणिका होती. तिनं तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' लिहिलं, शृंगाराचं, बाईच्या इच्छेचं काव्य. मराठी राजा, तेलुगू काव्य, तमिळ मुलूख. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या छापील प्रतीत त्यातली काही शृंगारिक पद्यं गाळली गेली. त्यासोबत आणखी काय गाळलं? तिनं आपली आई-आजी, आपलं घराणं सांगितलेली प्रस्तावना. बंगळूर नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित मिळवून १९१० साली पूर्ण काव्य छापलं, तर सरकारनं अश्लील म्हणून जप्त केलं. बंदी उठली ती स्वातंत्र्याच्या सुमाराला. या नागरत्नम्मा पुढे इथून जवळच तिरुवैयारूला राहिल्या, त्यागराजांची समाधी त्यांनी बांधून घेतली. मी तिथे जातो तेव्हा त्यांच्या मूर्तीपाशी थोडा वेळ थांबतो. शृंगार कापणाऱ्याला लिहिणारीची ओळखही कापावीशी वाटली, हे माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या पहिल्या दोन पुस्तकांवरच्या लेखक-परिचयात मी गे असल्याचं लिहिलेलं नाही. तिथे कात्री कुणी चालवली नव्हती, मीच लिहिलं नव्हतं. या पुस्तकावर आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. ३७७ कलम ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीपुरतं संपलं. अश्लीलतेचं कलम अजून आहे. पण मराठी लेखकानं चंद्रकांत काकोडकरांचा खटला विसरू नये. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ती अश्लील नाही असं ठरलं. उलट ब्रिटनमध्ये १९९३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं खासगीत, संमतीनं असे खेळ खेळणाऱ्या गे पुरुषांची शिक्षा कायम केली. तिथे पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन असा निकाल होता. हे वाचल्यावर मी माधव-अरसूचा संमतीचा संवाद आणखी दोन पानं वाढवला. न्यायालयासाठी नाही हो, वाचकासाठी.

आता ती सतरा पानं.

माधवचं घर जुनं, घराण्याची एके काळी शेती. खर्ड्यात माधव माळ्यावर चढतो आणि पणजोबांचा चाबूक शोधून काढतो. चामडं सुकलेलं, मुठीला चांदीचं काम. तो त्याला तेल लावतो, मऊ करतो, आणि एका रात्री अरसू त्याच्यासमोर गुडघे टेकतो. वर्णन मला फार आवडलं होतं. चामड्याच्या वासावरच अर्धं पान होतं.

मी हे मित्राला शिवगंगा बागेतल्या बाकावर सांगितलं. मोठ्या देवळाचं शिखर दिसतं तिथून. तो ऐकत होता. मधे काही बोलला नाही. शेवटी विचारलं, "चाबूक माळ्यावर कुठून आला?"

मी म्हटलं, पणजोबांचा.

"ते माहीत आहे. कुणासाठी ठेवला होता?"

मला वाटतं मला उत्तर येत होतं, म्हणूनच मी गप्प बसलो. तंजावूरचा हा डेल्टा म्हणजे तांदळाचं कोठार, आणि ते कोठार भरणारे पन्नैयाळ, जमीनदारांच्या दाराशी बांधलेले दलित शेतमजूर. चूक झाली, उशीर झाला, तोंड वर करून बोललं, तर दोन शिक्षा ठरलेल्या: चाबकाचे फटके आणि शेणाचं पाणी पाजणं. तमिळमध्ये या दोन शब्दांची जोडीच आहे, चवुक्कडी आणि चाणिप्पाल. १९४० च्या दशकात कम्युनिस्टांनी इथे शेतमजुरांच्या संघटना बांधल्या, तेव्हाच्या मागण्यांत हे दोन प्रकार बंद करा हीसुद्धा एक मागणी होती. १९५२ साली खास तंजावूरच्या कुळांसाठी आणि पन्नैयाळांसाठी संरक्षणाचा कायदा करावा लागला. तरी २५ डिसेंबर १९६८ ला, तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीच्या भांडणातून चव्वेचाळीस माणसांना झोपडीत कोंडून जाळलं. बहुतेक बायका आणि मुलं. आरोपी जमीनदार उच्च न्यायालयातून सुटले.

मला यातली प्रत्येक गोष्ट माहीत होती. पुस्तकांत वाचलेली. आणि तरी मी अरसूला त्या चाबकासमोर बसवलं होतं, कारण मला वास छान लिहिता आला होता.

मी घाईघाईनं म्हटलं, मग उलट करतो. चाबूक अरसूच्या हातात देतो, माधव गुडघ्यावर. तो म्हणाला, "मला सूड नकोय. तू प्रेमकथा लिहितोयस ना? मग मला प्रेम दे." थोड्या वेळानं तो आणखी एक गोष्ट बोलला, ती मी त्याची परवानगी घेऊन सांगतो. "मला दोर आवडतो. लोक म्हणतात, तुझ्या रक्तात गुलामी आहे म्हणून आवडतो. तसं नाही. दोर माझा आहे. दोरात माझा आजा नाही. चाबकात माझा आजा आहे."

मी त्या रात्री इथेच, या खोलीत, ती पानं फाडली. संगणकावरून काढली असती तर परत आणण्याचा मोह झाला असता, म्हणून छापलेली प्रतही फाडली.

त्या जागी आता जे प्रकरण आहे त्यात काहीच घडत नाही, असं माझ्या एका वाचकाचं मत आहे. माधव आणि अरसू बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसतात आणि अरसू पावतीपुस्तकाच्या मागे तीन रकाने आखतो. हो, कदाचित, नाही. 'नाही'मध्ये पहिला शब्द चाबूक. दुसरा, आण्डै. मजूर जमीनदाराला ज्या शब्दानं हाक मारत तो शब्द, म्हणजे धनी. आपल्याकडच्या भाषांतरांत या खेळातल्या हुकूम देणाऱ्याला सर्रास 'मालक' म्हणतात, दुसऱ्याला 'गुलाम'. इंग्रजीतून आणले की हे शब्द धुऊन आल्यासारखे वाटतात, मराठी-तमिळमध्ये त्यांना अजून माती लागलेली आहे. मी कादंबरीत ते कुठेच वापरले नाहीत. माधव-अरसू एकमेकांना नावानं हाक मारतात. 'कदाचित'मध्ये अरसू लिहितो, तुझ्या पायाशी बसणं. आणि पुढे अट: फक्त माझ्या घरी, तुझ्या वाड्यात नाही. माधवला ती अट आधी लागते. 'माझं घर काय वाईट आहे?' असं तो विचारतो, आणि विचारतानाच त्याला कळतं. अरसू समजावत बसत नाही, दुसरा चहा मागवतो.

दोन संपादकांनी हे प्रकरण लहान करा म्हणून सांगितलं. प्रणयाची गती थांबते म्हणे. मी केलं नाही. माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात शृंगारिक भाग तोच आहे, कारण अरसू पहिल्यांदा तिथे निर्धास्त होतो. तुम्हाला वाचून वेगळं वाटलं तर जरूर लिहा, मी भांडायला तयार आहे.

चाबकाचं काय झालं, असं काही जण विचारतात. तो माळ्यावरच आहे. माधवला तो कुठे आहे हे माहीत आहे, अरसूलाही माहीत आहे. तो जाळून टाकण्याचा एक प्रसंग मी लिहिला होता, पण त्यात माधव फार थोर दिसायला लागला, म्हणून काढला.

शेवटी आत्याबद्दल. तिला ही कादंबरी कशाबद्दल आहे हे ठाऊक आहे. ती एक्याऐंशीची, शाळा तमिळमधली, मराठी बोलते पण बाळबोध वाचायला तिला जड जातं, म्हणून मी काही भाग तिला वाचून दाखवले. सगळे नाहीत, मलाही लाज आहे. खेळ संपल्यावर एकमेकांना सावरण्याचा जो वेळ असतो, पांघरूण घालणं, पाणी देणं, नुसतं जवळ बसणं, त्याला हे लोक फार मानतात. तो प्रसंग मी वाचला. अरसूच्या घरी माधव उठतो, स्वयंपाकघरात जातो आणि पाच मिनिटांत फिल्टर कॉफी घेऊन येतो, डबरा-टंबलरमध्ये, फेसाळ.

आत्यानं मला थांबवलं. "पाच मिनिटांत कशी येईल? डिकॉक्शन उतरायला वेळ नको का?"

बरोबर होतं तिचं. तेव्हा आता त्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत, अरसूच्या हाताला दोर लागण्याआधी, माधव फिल्टरमध्ये पूड भरतो, गरम पाणी ओततो आणि झाकण ठेवतो.